'इरेझरहेड'चा रिमेक करायचा म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेव्हिड लिंच या अमेरिकन दिग्दर्शकाचा १९७७ चा काळा-पांढरा सिनेमा 'इरेझरहेड' आज परत करावा का. विचारणारे स्वतः शॉर्टफिल्म करतात, भोसरीत वाढलेत, घराच्या भिंतीला लागून प्रेस शॉप, म्हणजे मशीनवर पत्रा ठोकून भाग काढायचं वर्कशॉप होतं, आणि त्यांना तो सिनेमा मराठीत, रंगीत, एमआयडीसीच्या बॅकग्राउंडवर करायचाय. मित्रांचं म्हणणं असं की जुना पिक्चर फार स्लो आहे, आजच्या पब्लिकला झेपत नाही, आणि आता एआय, व्हीएफएक्स स्वस्त झालंय तर त्यातलं ते विचित्र बाळ वगैरे एकदम भारी करता येईल. बजेट तीन-चार लाख. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीये की मुलगा झाला तेव्हा काही दिवस काचेच्या पेटीत होता, आणि तेव्हापासून हा सिनेमा डोक्यातून जात नाही.

मी सिनेमाला साउंड करतो. लोकेशन रेकॉर्डिंगपासून फायनल मिक्सपर्यंत सगळं केलंय, मधल्या काळात जुन्या फिल्म्सचे ट्रॅक साफ करायचंही बरंच काम केलं, अधूनमधून वर्कशॉप घेतो. त्यामुळे माझं उत्तर कानाकडून येणार. कॅमेरावाला किंवा समीक्षक याचं वेगळं उत्तर देईल आणि तेही बरोबर असू शकेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो, ताटकळायला नको. 'इरेझरहेड'चा रिमेक करू नका. पण क्लासिकला हात लावायचा नाही म्हणून करू नका असं मी म्हणत नाहीये, असलं सोवळं मला मान्य नाही. तीच बंदिश शंभर वर्षं गातात आपल्याकडे, आणि प्रत्येक चांगल्या गाणाऱ्याकडून ती नव्यानं ऐकायला मिळते. माझा मुद्दा कामाच्या टेबलावरचा आहे. रिमेक करताना आपण जुन्या सिनेमातून काहीतरी उचलून नेतो. उचलता काय येतं? गोष्ट, पात्रं, प्रसंग, एखादी सिच्युएशन. तर बघायचं एवढंच की त्या सिनेमाचा जीव या उचलता येण्यासारख्या गोष्टींमध्ये आहे का.

यासाठी मी वर्कशॉपमधल्या मुलांना एक टेस्ट देतो, तुम्हीपण करून बघा. ज्यानं सिनेमा बघितलेला नाही अशा माणसाला तो फोनवर सांगायचा, पाच मिनिटांत, आणि समोरून काय येतं ते ऐकायचं.

बुन्युएलचा १९६२ चा 'द एक्स्टर्मिनेटिंग एंजल' घ्या, मेक्सिकोत केलेला. बड्या घरात रात्रीच्या जेवणाची पार्टी आहे, जेवण झाल्यावर पाहुणे दिवाणखान्यात बसतात आणि मग कुणालाच बाहेर पडता येत नाही. दाराला कुलूप नाही, कुणी अडवलेलं नाही, पण उंबरा ओलांडवत नाही. दिवस जातात, पाण्यासाठी भिंत फोडून पाइप उघडतात, भुकेपोटी मेंढ्या मारून खातात, बाहेर पोलीस आणि बघे जमतात पण त्यांनाही आत येता येत नाही. एवढं सांगितलं की समोरचा विचारतोच, मग पुढे? म्हणजे हा सिनेमा कितीही सर्रियल, स्वप्नासारखा विचित्र असला तरी त्याच्या पोटात एक सिच्युएशन आहे जी सिनेमाबाहेर काढली तरी जिवंत राहते. थॉमस अ‍ॅडेस या संगीतकारानं त्याचा ऑपेरा केला, २०१६ मध्ये साल्झबर्गला पहिल्यांदा झाला. उद्या कुणी मुंबईतल्या चाळिसाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हा प्रकार घडवला तर मी तिकीट काढून जाईन.

किंवा ख्रिस मार्करचा 'ला जेते', तोही १९६२ चाच, अठ्ठावीस मिनिटांचा, एक अगदी छोटा क्षण सोडला तर पूर्ण सिनेमा स्थिर फोटोंचा. एका माणसाला लहानपणी विमानतळावर पाहिलेला एक मृत्यू आठवत राहतो, पुढे त्याला काळात मागे पाठवतात आणि कळतं की तो मृत्यू त्याचा स्वतःचाच होता. ही गोष्ट फोनवरसुद्धा अंगावर येते. टेरी गिलियमनं तिच्यावरून १९९५ मध्ये 'ट्वेल्व्ह मंकीज' केला, स्थिर फोटोंची पद्धत टाकून दिली, तो सांगाडा घेतला आणि त्यावर स्वतःचा गोंधळलेला, गर्दीचा, धावपळीचा सिनेमा उभा केला. दोन्ही सिनेमे आपापल्या जागी उभे आहेत.

आता 'इरेझरहेड' फोनवर सांगा. कारखान्यांच्या भागात राहणारा हेन्री नावाचा माणूस, केस उभे. त्याच्या मैत्रिणीला, मेरीला, बाळ झालंय, पण ते बाळच आहे का हे हॉस्पिटललाही नक्की माहीत नाही. लग्न करावं लागतं. बाळ रात्रभर रडतं, मेरी वैतागून माहेरी निघून जाते, खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरच्या आत एक बाई स्टेजवर नाचते आणि गाणं म्हणते, शेवटी हेन्री कात्रीनं बाळाचं बँडेज कापतो. समोरून काय येतं? "बरं." बहुतेक वेळा नुसतं बरं. तुम्ही कितीही जीव तोडून सांगा, त्याला जे मिळालं ते विचित्र घटनांची यादी आहे आणि तुम्हाला थिएटरमध्ये जे झालं होतं त्यातलं काही त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

मग ते होतं कुठे? वर्कशॉपमध्ये मी त्यातला जेवणाचा सीन आधी आवाज पूर्ण बंद करून दाखवतो. हेन्री पहिल्यांदाच मेरीच्या घरी जेवायला आलाय. तिचा बाप प्लंबर आहे, पाइप आणि आपले गुडघे याबद्दल बडबडतोय, जमिनीवर कुत्री तिच्या पिल्लांना पाजतेय, आत स्वयंपाकघरात आजी पुतळ्यासारखी बसलीये. ताटात मुठीएवढ्या कोंबड्या. हेन्रीला म्हणतात तू काप. तो काटा-सुरी लावतो तशी कोंबडी पाय हलवायला लागते आणि तिच्यातून काळपट रक्त बुडबुडत बाहेर येतं. आवाज बंद असला की मुलं हसतात, आणि हसण्यासारखं आहेच ते, मलाही हसू येतं. मग तोच सीन आवाजासकट लावतो. पिल्लांच्या चोखण्याचा तो चिरका ओला आवाज आपण एरवी संवादाच्या कितीतरी खाली ठेवला असता, इथे तो संवादाच्या मांडीला मांडी लावून बसलाय, आणि सगळ्याच्या मागे एक घरघर आहे जिचा उगम खोलीत कुठेच दिसत नाही. हसू अर्ध्यात थांबतं. प्रसंग तोच, नट तेच, कोंबडी तीच.

हा आवाज कसा आला ते सांगतो, कारण रिमेकचा प्रश्न माझ्या मते इथेच सुटतो. लिंच आणि त्याचा साउंडवाला अ‍ॅलन स्प्लेट या दोघांनी ब्लँकेटांची आवरणं करून खोली साउंडप्रूफ केली आणि तिथे जवळजवळ वर्षभर नुसत्या आवाजावर बसले. एकावर एक पंधरापर्यंत आवाज रचलेत काही ठिकाणी, तेही वेगवेगळ्या रिळांवरून एकाच वेळी वाजवून. प्रेमाच्या सीनसाठी बाटलीत मायक घातला, बाटली बाथटबमध्ये तरंगत ठेवली आणि त्यातून हवा फुंकली, तो आवाज घेतला. म्हणजे त्यांना हवा असलेला आवाज दुनियेत कुठे तयार नव्हता, त्यांनी तो शोधत शोधत बनवला, आणि बनवताना त्यांनाही माहीत नव्हतं नक्की काय मिळणार आहे. आज माझ्या लॅपटॉपवर साउंड लायब्ररीत ड्रोन, म्हणजे एकसारखी चालणारी घरघर, असं टाइप केलं की फाइल्सचा ढीग येतो आणि त्यातल्या कितीतरी याच सिनेमाच्या वळणावर गेलेल्या असतात. गेल्या चाळीसेक वर्षांत कुठलाही हॉरर, कुठलीही डार्क वेबसिरीज घ्या, ती खालची घरघर आहेच. त्यामुळे आज 'इरेझरहेड' परत करणाऱ्याची पंचाईत अशी की त्यानं प्रामाणिकपणे तसाच आवाज ठेवला तरी तो प्रेक्षकाला ओळखीचा वाटणार, आणि त्या सिनेमाचं अख्खं बळच हे होतं की तो आवाज कुणी कधी ऐकला नव्हता.

आता वेळ. मित्र स्लो म्हणतात ना, त्याबद्दल. एका जागी हेन्री लिफ्टमध्ये शिरतो, बटण दाबतो, आणि दार बंद होत नाही. तो उभा, आपण बसलेले. आणखी थोडं थांबतो. मग ते दार लागतं. आजच्या एडिटच्या टेबलावर सगळ्यात आधी कात्री लागेल ती या शॉटला, आणि कापणारा काही चूक करत नसेल, त्याच्या दृष्टीनं इथे काही घडतच नाहीये. पण त्या थांबण्यातच तुम्ही त्या बिल्डिंगचे होता. पुढे रात्रभर बाळ रडतं तेव्हा तुम्हाला जी घुसमट होते तिची तयारी या लिफ्टपाशी झालेली असते. आजच्या पब्लिकसाठी फास्ट केलं तर हातात उरतात त्या फोनवर सांगितलेल्या घटना.

शिवाय त्या फ्रेममध्ये जो थकवा दिसतो तो कमावलेला आहे. शूटिंग १९७२ मध्ये सुरू झालं, लॉस एंजेलिसमध्ये अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या जुन्या तबेल्यांमध्ये, बहुतेक रात्रीच, आणि पैसे संपत गेले तसं वर्षानुवर्षं रखडत चाललं. लिंच मधल्या काळात पेपर टाकायचं काम करायचा. हेन्रीचं काम करणाऱ्या जॅक नान्सनं ते केस इतकी वर्षं तसेच राखले. एक शॉट आहे ज्यात हेन्री दाराच्या मुठीला हात लावतो, आणि तो दारातून आत येतो तो शॉट त्यानंतर सुमारे दीड वर्षानं घेतलेला आहे. बघताना कळत नाही. पण एकाच खोलीत, एकाच भीतीत इतकी वर्षं काढलेल्या लोकांनी केलेलं काम आहे हे जाणवतं. आता तुम्ही म्हणाल की पाच वर्षं घालवणं हा काही गुण नाही, आणि खरंय, पैसे असते तर लिंचनंही लवकर संपवला असता. मला एवढंच म्हणायचंय की या सिनेमाचा पोत त्या परिस्थितीतून आलेला आहे आणि तो स्क्रिप्टमध्ये लिहिलेला नव्हता. स्क्रिप्ट होतीच मुळी वीस-एकवीस पानांची.

बाळाबद्दल तर मी हट्टानं बोलणार. ते कशाचं बनवलं होतं हे लिंचनं जन्मभर सांगितलं नाही, जानेवारी २०२५ मध्ये गेला तोवर नाही. तुमचे मित्र म्हणतात व्हीएफएक्सनं भारी होईल. भारी होईल, मान्य, त्वचेची छिद्रं दिसतील, डोळ्यात ओल दिसेल, सगळं होईल. पण मूळ सिनेमात नान्सच्या समोर टेबलावर खरोखर एक वस्तू आहे, ओली, कपड्यात गुंडाळलेली, मान हलवणारी, आणि तो तिच्याकडे बघून जे करतो ते एका वस्तूला दिलेलं उत्तर आहे. बाळाला ताप आहे हे कळल्यावर हेन्री जवळ बसून वाफारा लावतो तो भाग बघा परत. बघणाऱ्याला शेवटपर्यंत वाटत राहतं की हे केलं कसं, हे जिवंत होतं का, आणि ही शंका आणि हेन्रीच्या मनातली शंका एकच आहे. कॉम्प्युटरवर केलेलं बाळ बघताना आज लहान पोराच्याही डोक्यात पहिल्या सेकंदाला उत्तर तयार असतं की हे कॉम्प्युटरवर केलंय. प्रश्नच संपला. तीन-चार लाखांत व्हीएफएक्स कसं होईल हा मुद्दा मी काढतही नाही, तीस कोटी असते तरी हेच म्हणालो असतो.

आता याच्या विरुद्ध बाजूचं बोलतो, कारण मूड आणि पोतावर चालणाऱ्या सिनेमांचे रिमेक झालेलेच नाहीत असं नाही, आणि त्यातून शिकण्यासारखं आहे. विम वेंडर्सचा १९८७ चा 'विंग्ज ऑफ डिझायर' बर्लिनमधला, भिंत अजून उभी आहे, देवदूत माणसांच्या डोक्यातली पुटपुट ऐकत फिरतात. हॉलिवुडनं १९९८ मध्ये त्याचा 'सिटी ऑफ एंजल्स' केला, लॉस एंजेलिसमध्ये. देवदूत माणसाच्या प्रेमात पडतो हा धागा बरोबर उचलला, आणि बर्लिन सुटलं, भिंत सुटली, त्या शहरातल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी सुटल्या. लोकांना आवडला, चालला, मी काही नावं ठेवत नाही, पण तो एक प्रेमकथा झाला. गस व्हॅन सँटनं त्याच साली हिचकॉकचा 'सायको' जवळपास शॉटला शॉट लावून रंगीत परत केला. तो प्रयोग मला फार मोलाचा वाटतो कारण त्यानं एक गोष्ट सिद्ध करून ठेवली, की सगळे शॉट जसेच्या तसे नेले तरी सिनेमा आपोआप मागोमाग येत नाही. प्रत्येक सिनेमाच्या विद्यार्थ्यानं दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघावेत.

'सोलारिस'चं उदाहरण लोक नेहमी देतात, तारकोव्हस्कीचा १९७२ चा आणि सोडरबर्गचा २००२ चा. पण तिथे मुळात स्टॅनिस्लाव्ह लेमची कादंबरी आहे, त्यामुळे ते एकाच पुस्तकाचं दोघांनी केलेलं वाचन आहे. तारकोव्हस्कीचा पावणेतीन तासांच्या आसपास, सोडरबर्गचा सुमारे शंभर मिनिटांचा, दुसऱ्यानं पहिल्याची नक्कल केलेलीच नाही. आणि मला ज्याबद्दल सगळ्यात आदर आहे तो म्हणजे 'सस्पिरिया'. दारिओ आर्जेन्तोचा १९७७ चा, म्हणजे 'इरेझरहेड'च्याच सालचा, भडक लाल-निळ्या रंगांचा आणि गॉब्लिन बँडच्या कानठळ्या बसवणाऱ्या संगीताचा. लुका ग्वादान्यिनोनं २०१८ मध्ये तो करताना पहिलं काम काय केलं तर ते रंगच काढून टाकले. सगळं करडं, बर्लिन, पाऊस, अतिरेक्यांच्या बातम्या, आणि संगीताला थॉम यॉर्क. डान्स स्कूल आणि चेटकिणी तेवढ्या ठेवल्या. आवडणं न आवडणं ज्याचं त्याचं, मला दुसरा भाग लांबलेला वाटतो, पण त्या माणसाला कळलं होतं की मूळ सिनेमाची जी ओळख आहे तिच्याशी स्पर्धा करायची नाही, ती सोडून द्यायची आणि आपल्याकडे सांगायला वेगळं काय आहे ते बघायचं.

तर इथपर्यंतचं गोळा करून सांगायचं तर, सिनेमाच्या पोटात बाहेर काढता येईल अशी सिच्युएशन असेल तर रिमेकला हरकत नाही, मागे पुस्तक असेल तर नाहीच नाही, आणि ज्याचा जीव आवाजात, थांबण्यात, वस्तूंच्या पोतात आहे त्याचा रिमेक करायचा तर ते सगळं सोडून द्यायची तयारी लागते. 'इरेझरहेड'मधून ते सगळं सोडलं तर तुमच्या हातात एक घाबरलेला तरुण बाप आणि एक आजारी बाळ राहतं. आणि त्याच्यावर लिंचची मालकी नाही. ते तुमचं आहे.

तुम्ही शेवटी जी ओळ टाकलीत ना पेटीची, मला वाटतं तुमचा खरा प्रश्न तिथे आहे. लिंच फिलाडेल्फियात राहिला होता, कारखान्यांच्या आणि गुन्हेगारीच्या भागात, तिथेच मुलगी झाली, तिचे पाय जन्मतः आत वळलेले होते आणि त्यासाठी उपचार करावे लागले. या सगळ्याचा सिनेमात किती भाग आहे यावर लोक भरपूर लिहितात, तो स्वतः अर्थ सांगायला कायम नकार देत आला, त्यामुळे मीही लावत बसत नाही. पण एक माणूस त्याच्या गावातल्या आवाजांत आणि त्याच्या घरातल्या काळजीत बसून सिनेमा करत होता हे तर दिसतंय. तुमच्याकडे दोन्ही आहे. मग मध्ये फिलाडेल्फियाचा हेन्री कशाला?

अजून एक, जे रिमेकच्या चर्चेत नेहमी राहून जातं. जुना सिनेमा आजच्या प्रेक्षकापर्यंत पोचवायचा असेल तर तो परत करण्याऐवजी नीट दुरुस्त करून परत दाखवता येतो. कमल स्वरूपचा 'ओम दर-ब-दर' आठवा, १९८८ चा, पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेल्या माणसानं अजमेर-पुष्करमध्ये केलेला, बेडूक आणि ज्योतिष आणि जाहिरातींची भाषा आणि शाळकरी पोराची स्वप्नं, सगळं एकात एक. वर्षानुवर्षं तो थिएटरला लागलाच नाही, खराब व्हिडिओ कॉपीवरून कॉपी होत फिरत राहिला. मग एनएफडीसीनं, म्हणजे सरकारी फिल्म विकास महामंडळानं, प्रिंट दुरुस्त केली आणि जानेवारी २०१४ मध्ये तो पडद्यावर आला. त्याचा रिमेक कुणी केला असता तर काय झालं असतं विचार करा, त्यातले संवाद असे आहेत की शब्द जरा हलवला तरी गंमत गेली. उलट ज्यांच्यावर त्याचा परिणाम झाला त्यांनी आपापलं काहीतरी केलं. अनुराग कश्यपनं 'देव डी'मधल्या 'इमोसनल अत्याचार' गाण्यामागे 'ओम'मधलं 'मेरी जान' होतं हे सांगितलेलं आहे. मला हे देणंघेणं रिमेकपेक्षा जास्त तब्येतीचं वाटतं.

दुरुस्तीतही धोके आहेत, माझ्या कामातलं सांगतो. जुन्या ऑप्टिकल ट्रॅकवर, म्हणजे फिल्मच्या कडेला छापलेल्या आवाजाच्या पट्टीवर, सरसर असते, टिकटिक असते, आणि आता सॉफ्टवेअरला सांगितलं की ते ओळखून काढून टाकतं. साध्या बोलपटाला हे वरदान आहे. पण ज्या सिनेमात दिग्दर्शकानं मुद्दाम घरघर आणि वाफेची शीळ भरलीये तिथे सॉफ्टवेअरला काय माहीत कुठली सरसर फिल्मची आणि कुठली हेन्रीच्या खोलीची? सॉफ्टवेअर दोन्ही पुसतं, आणि नंतर ट्रॅक ऐकला की खोली एकदम रिकामी, दवाखान्यासारखी स्वच्छ. असा ट्रॅक हातानं, रीळ रीळ ऐकत, कमीत कमी हात लावून साफ करावा लागतो, आणि मूळ माणूस हयात असेल तर त्याला शेजारी बसवावं लागतं. 'इरेझरहेड'चं नशीब चांगलं, २०१४ मध्ये क्रायटेरियन या जुने सिनेमे नीट करून काढणाऱ्या अमेरिकन कंपनीनं जी नवी डिजिटल आवृत्ती काढली ती लिंचच्या देखरेखीखाली झाली. ती मिळवा, हेडफोन लावून, रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा, मित्रांनाही दाखवा, मग परत विचारा स्लो आहे का.

हक्कांचंही एका परिच्छेदात उरकतो. आपल्या कायद्यात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो, म्हणजे १९७७ च्या सिनेमाचा हिशोब २०३७ संपेपर्यंत जातो, आणि स्क्रिप्टचा कॉपीराइट वेगळा, तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. यूट्यूबवर टाका नाहीतर फेस्टिव्हलला पाठवा, परवानगी लागेल, आणि रिमेक असं पोस्टरवर लिहिलंत तर नक्कीच. फेस्टिव्हलवाले कागद मागतात. करायचंच ठरवलंत तर आधी वकील गाठा. स्वतःची गोष्ट केलीत तर हा सगळा ताप नाही.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. पहिलं, एक सीन नक्कल करा, शिकण्यासाठी, कुणाला न दाखवण्यासाठी. तो जेवणाचाच घ्या. फ्रेम, कट, सगळं मोजून तसंच. आवाज मात्र एकही लायब्ररीतला वापरायचा नाही, सगळे स्वतः करायचे. करून बघा म्हणजे कळेल की कुठलं तुमच्याच्यानं होतंय आणि कुठलं लिंचचंच राहतंय, आणि हे कळणं कुठल्याही फिल्म स्कूलच्या एका टर्मएवढं आहे.

दुसरं, कॅमेरा काढायच्या आधी आवाज गोळा करा. प्रेस शॉपजवळ राहिलेल्या माणसाला मी काय सांगणार, पण बाहेरच्या माणसाच्या कानानं ऐका एकदा. पॉवर प्रेसचा ठोका सगळेच घेतील. तुम्ही प्रेस बंद केल्यावर तिचं जड चाक, फ्लायव्हील, हळूहळू थांबतं तो उतरता आवाज घ्या, पत्र्याची पट्टी डायमध्ये, म्हणजे साच्यात, सरकते ती घ्या, स्क्रॅपच्या ढिगात तुकडा पडतो तो, आणि मुख्य म्हणजे हे सगळं तुमच्या घरातून, भिंतीला मायक टेकवून घ्या. हवेतून येणारा ठोका आणि भिंतीतून येणारा ठोका यात फार फरक आहे, भिंतीतला छातीत ऐकू येतो. भोसरीत गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशीही त्याच जागी, त्याच वेळी, तेवढाच वेळ रेकॉर्ड करा. सहा दिवस ठोक्यात झोपलेलं बाळ गुरुवारी जागं होतं का? मला माहीत नाही, पण अशा ठिकाणी तुमचा सीन सापडेल.

पेटीच्या वॉर्डातली मॉनिटरची टिकटिक टाळा, ती प्रत्येक हॉस्पिटलच्या सीनमध्ये असते आणि ऐकणाऱ्याचा कान ती ऐकायचं बंद करतो. तुम्ही तिथे काचेबाहेर उभे होतात तेव्हा काय ऐकू येत होतं ते आठवून लिहून काढा. पेटीच्या पंख्याची बारीक घूं, सिस्टरच्या चपला, हँडवॉशचा पंप, शेजारच्या बाईनं कुणालातरी फोनवर हळू आवाजात वजन सांगणं, आज किती ग्रॅम वाढलं ते. खऱ्या वॉर्डात रेकॉर्डिंगला जाऊ नका, ती जागा त्यासाठी नाही, आणि परवानगी मिळाली तरी जाऊ नका. हे आवाज घरी करता येतात. टेबलफॅन काचेच्या डब्याआड ठेवला की त्या पंख्याच्या बरंच जवळ जाता.

बजेटमधलं व्हीएफएक्ससाठी ठेवलेलं सगळं आवाजाकडे वळवा. एक बरा रेकॉर्डर, एक भिंतीला लावायचा कॉन्टॅक्ट मायक, तो फार महाग नसतो, आणि मिक्स करायला एक चांगला माणूस दहा दिवस. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा, प्रत्येक जागेचा रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसताना त्या जागेचा स्वतःचा आवाज, कमीत कमी पाच मिनिटं घ्या, नेहमी घेतो तसा अर्धा मिनिट पुरणार नाही कारण तुमच्या सिनेमात तोच पुढे असणार आहे. पहिल्या आठवड्याच्या फाइल्स झाल्या की लिंक पाठवा, मी ऐकून कळवतो. फाइलच्या नावात तारीख, वेळ आणि मायक कुठे होता एवढं लिहा, नाहीतर महिन्याभरानं तुम्हालाच कळणार नाही.